पांडवलेणी बघताना : कुठून सुरुवात करायची, शिलालेखात काय शोधायचं

नाशिकच्या पांडवलेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. हा बौद्ध भिक्खूंचा मठ. शिलालेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी असं येतं.

लेणी १ ते २४ अशी ओळीने बघत गेलात तर काळाचा गुंता होतो, कारण हे क्रमांक नुसते जागेप्रमाणे पडलेत. आधी १८ नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, गाठा. त्याच्या शेजारी, जरा खालच्या पातळीवर १९ नंबर आहे. सातवाहन राजा कृष्णाच्या काळातला हा इथला सगळ्यात जुना विहार, म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं लेणं. लहानसा आणि साधा. मग १० आणि शेवटी ३. बाकीची सवडीने.

सोबत टॉर्च हवाच. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला, त्यामुळे ऊन आत फारसं येत नाही. टॉर्च समोरून मारू नका, अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. तो भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, म्हणजे प्रत्येक खोबणीत सावली पडते. मोबाइलचा फ्लॅशही याच कारणाने बंद. अक्षरांवर खडू किंवा पाणी अजिबात नको, दगड खराब होतो.

ब्राह्मी, म्हणजे या लेखांची लिपी, येत नसली तरी तीन अक्षरं पाठ करून जा. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, खालचा दांडा जरा लांब. 'ठ' नुसतं वर्तुळ. 'ध' दोरी लावलेल्या धनुष्यासारखा. मोठे लेख बहुधा 'सिधं' या शब्दाने सुरू होतात, तो 'ध' आधी शोधा.

१० नंबरच्या वऱ्हांड्यात जास्त वेळ द्या. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचा लेख इथे खोलीच्या दारावर आहे. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन गावच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, कायम ठेव म्हणून दिले : २००० दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासातल्या (पावसाळ्यात इथे मुक्कामी असलेल्या) २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२, म्हणजे बरोबर २४०. एफडीचा हिशेब याहून चोख काय असणार!

आत मागच्या भिंतीवरचा स्तूप नंतर कोरून भैरव केलाय, आजूबाजूच्या खुणा नीट बघा.

३ नंबर गौतमी बलश्रीचं, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं दान. आत शिरण्याआधी खाली वाका : वऱ्हांड्याचा भार खांद्यावर घेतलेले सहा धिप्पाड यक्ष तिथे आहेत. बरेच लोक थेट दारावरची नक्षी बघायला जातात आणि हे राहूनच जातात.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला.