व्हॅलग्राइंड म्हणालं "गळती नाही", आणि माझे सात आठवडे गेले

तक्रार साधी होती. सेन्सरकडून येणारे आकडे गोळा करून पुढे पाठवणारा एक छोटा डेमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, सी भाषेतला, ओपन सोर्स. कुणीतरी तो रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवत होतं. साधारण नवव्या दिवशी मेमरी संपायची आणि लिनक्सचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्रॅम बंद पाडणारा भाग, त्याला मारून टाकायचा. इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावरची ही तक्रार, चार महिने तसाच पडून होता. माझी नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं, मॅलॉक (मेमरी घेणं) आणि फ्री (ती परत देणं) कॉलेजात झालेलं, गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, हाताखालचं. "हा मी घेते" असं लिहिलं आणि त्याच रात्री व्हॅलग्राइंड, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या चुका शोधणारं साधन, लावलं.

उत्तर आलं: "ऑल हीप ब्लॉक्स वेअर फ्रीड, नो लीक्स आर पॉसिबल." म्हणजे घेतलेली सगळी मेमरी परत दिली गेली, गळती शक्यच नाही.

मी इश्यूवर लिहून टाकलं की माझ्याकडे गळती दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तक्रारदाराने काही न बोलता एक आलेख चिकटवला. नऊ दिवसांची रेषा, पट्टीने आखल्यासारखी वर चढत गेलेली. ती रेषा आणि व्हॅलग्राइंडचं ते वाक्य, दोन्ही खरी होती. हे कळायला मला सात आठवडे लागले. हे लिहितेय ते मुख्यतः त्या सात आठवड्यांसाठी, म्हणून या एका गोष्टीवर मी जरा जास्तच बोलणार आहे.

मेमचेक, म्हणजे व्हॅलग्राइंडचं आपण सगळे वापरतो ते साधन, हरवलेली मेमरी शोधतं. ज्या ब्लॉककडे, म्हणजे मेमरीच्या तुकड्याकडे, बोट दाखवणारा एकही पॉइंटर (त्याचा पत्ता धरून ठेवणारं चल) उरला नाही, तो हरवला. पॉइंटर कुठेतरी शिल्लक असेल तर त्याच्या लेखी ती मेमरी "स्टिल रीचेबल", म्हणजे अजून कुणाच्या तरी हातात आहे. आणि हा हिशोब ते करतं प्रोग्रॅम संपताना. आता नीट लिहिलेला डेमन बंद होताना काय करतो? आपल्या सगळ्या याद्या चालत जातो आणि प्रत्येक गोष्ट फ्री करतो. मग शेवटी उरतं शून्य.

मंगल कार्यालयात भांडी मोजून देतात आणि मोजून परत घेतात. समजा प्रत्येक पंगतीला वाढप्यांनी कोरी ताटं काढली आणि उष्टी मागच्या खोलीत रचून ठेवली. संध्याकाळच्या पंगतीला ताटं संपली, पाहुणे ताटकळले. रात्री मॅनेजर आला, मागची खोली उघडून मोजदाद केली आणि म्हणाला, "बरोबर आहे, एकही ताट हरवलेलं नाही." तो खोटं बोलत नाहीये. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

आमच्या डेमनमध्ये ती मागची खोली म्हणजे "सगळी सेशन्स" (सेशन म्हणजे एका जोडणीची नोंद) नावाची एक लिंक्ड लिस्ट, म्हणजे साखळीसारखी यादी, होती. क्लायंट, म्हणजे जोडला गेलेला सेन्सर, तुटला की त्याचं सेशन चालू सेशन्सच्या हॅश टेबलमधून (झटपट शोधायच्या तक्त्यातून) निघायचं, पण या दुसऱ्या यादीतून काढायचं राहून गेलं होतं. यादीत पॉइंटर आहे, म्हणजे मेमरी हरवलेली नाही. डेमन बंद करताना यादी रिकामी होते, म्हणजे अहवालही स्वच्छ. ॲड्रेससॅनिटायझर या मेमरी तपासणाऱ्या दुसऱ्या साधनाबरोबर येणारं लीकसॅनिटायझर वापरलं तरी हेच. त्याचीही व्याख्या तीच आहे, पॉइंटर असेल तर लीक नाही. तेव्हा दोन साधनांनी एकमताने "नाही" म्हटलं तर त्याला दोन साक्षीदार समजू नका. दोघांनी एकाच खिडकीतून पाहिलेलं असतं.

दुसरी चूक यापेक्षा लाजिरवाणी. माझी चाचणी-स्क्रिप्ट दर वेळी त्याच नावाने डेमनला जोडली जात होती, आणि नाव तेच असल्यामुळे डेमन त्या यादीतलं जुनंच सेशन पुन्हा वापरायचा. तक्रारदाराचे सेन्सर मात्र वाय-फाय तुटलं की दर वेळी नवं, यादृच्छिक नाव घेऊन येत होते. मी पन्नास हजार वेळा जोडणी करून पाहिली आणि त्यातून एकच सेशन तयार झालं. त्या आठवड्यांत मी कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, संशय घेतला, लायब्ररी बदलून पाहिली, सगळा कोड दोनदा ओळीने वाचला. काखेत कळसा होता.

सुटका केली ती प्रकल्प सांभाळणाऱ्या एका मेंटेनरने, एका प्रश्नाने: "बंद करायच्या आधी त्याच्या पोटात काय आहे ते बघितलंस का?" एवढंच. उत्तर दिलं नाही, पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, लिहून दिला नाही. माझं ठाम मत झालंय की चांगला मार्गदर्शक असाच असतो. जो तुमच्या हातातून कीबोर्ड घेऊन पाच मिनिटांत दुरुस्त करून देतो, त्याच्याबद्दल कृतज्ञ राहा, पण शिकायला त्याच्याकडे जाऊ नका.

आता पोटात कसं बघायचं. व्हॅलग्राइंडखाली डेमन चालू असतानाच दुसऱ्या टर्मिनलमधून व्हीजीडीबी या व्हॅलग्राइंडबरोबरच येणाऱ्या कमांडने त्याला प्रश्न विचारता येतो: "लीक_चेक फुल रीचेबल इन्क्रीज्ड". यातला शेवटचा शब्द सोन्याचा आहे. मागच्या वेळी विचारलं त्यानंतर जे वाढलं तेवढंच तो दाखवतो, कुठल्या ओळीवरच्या मॅलॉकमधून आलं त्यासकट. एकदा विचारा, हजार क्लायंट जोडून तोडा, पुन्हा विचारा. माझ्याकडे दुसऱ्या वेळी दोनच नोंदी आल्या, दोन्ही सेशन तयार करणाऱ्या फंक्शनमधल्या. सात आठवड्यांचं उत्तर अर्ध्या मिनिटात. ही सोय 2011 पासून व्हॅलग्राइंडमध्ये आहे, आणि मी एकाही ट्युटोरियलमध्ये ती पाहिली नव्हती. व्हॅलग्राइंडखाली प्रोग्रॅम वीस-तीस पट मंद चालतो, ते परवडत नसेल तर हीपट्रॅक हे दुसरं साधन घ्या. त्याचे आलेख मॅसिफ या व्हॅलग्राइंडच्याच मेमरी मोजणाऱ्या साधनापेक्षा वाचायला सोपे आहेत.

पण साधन लावायच्या आधी कागदावर एक हिशोब करा, हे माझं हात जोडून सांगणं आहे. मी तेव्हा इचलकरंजीला घरून काम करत होते. दर दोन-चार दिवसांनी लाइट जायची आणि लावून ठेवलेली चाचणी पुन्हा पहिल्यापासून. त्यातून नाइलाजाने एक समजलं. गळती वेळेने होत नाही, घटनांनी होते. नऊ दिवस थांबायची गरजच नव्हती. नऊ दिवसांत जेवढ्या जोडण्या होतात तेवढ्या वीस मिनिटांत करायच्या. त्याआधी आणि नंतर प्रॉकमधल्या स्टेटस फाइलमधला व्हीएमआरएसएसचा, म्हणजे प्रोग्रॅमने सध्या व्यापलेल्या मेमरीचा, आकडा लिहून ठेवायचा.

माझ्याकडे 10,000 नव्या नावांच्या जोडण्यांनंतर साधारण 2,500 केबी वाढ आली. म्हणजे जोडणीमागे 256 बाइट. आता सेशनचं स्ट्रक्चर होतं 208 बाइटचं. 64 बिट लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक प्रत्येक ब्लॉकला स्वतःचे 8 बाइट लावतो आणि बेरीज 16 च्या पटीत वर नेतो, म्हणजे 224. क्लायंटचं नाव 23 अक्षरी, शेवटच्या शून्यासह 24, त्याचा ब्लॉक 32 चा. 224 अधिक 32, बरोबर 256. आकडा जुळला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी आईला उठवून सांगितलं. इतका स्वच्छ जुळेल असं दर वेळी होत नाही. पण "दर घटनेमागे किती बाइट" हे कळलं की संशयित दोन-तीनच उरतात.

मग दुरुस्ती. इथे स्पष्ट इशारा: गळतीपेक्षा चुकीचं फ्री जास्त घातक आहे. गळक्या प्रोग्रॅमला नऊ दिवस मिळतात, चुकीच्या फ्रीनंतर तो कधी आणि कुठे कोसळेल, किंवा कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही. माझा पहिला पॅच दोन ओळींचा होता. तुटलेलं सेशन यादीतून काढा आणि फ्री करा. चाचण्या हिरव्या. रिव्ह्यूमध्ये विचारलं गेलं, "टायमरचं काय?" त्या सेशनवर तीस सेकंदांचा एक टायमर लागलेला असायचा, आणि तो उडाला की फ्री झालेल्या मेमरीला हात लावणार होता. ॲड्रेससॅनिटायझरखाली चाळीस सेकंद थांबले असते तर मलाच दिसलं असतं. थांबले नाही. अंतिम पॅच सहा ओळींचा. आधी टायमर रद्द, मग यादीतून काढणं, मग फ्री.

म्हणून फ्री लिहिण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवा, या मेमरीचा मालक कोण. ते एका वाक्यात सांगता येत नसेल तर अजून पॅच लिहू नका. साधनाची तक्रार गप्प करायची म्हणून ओळ घालणं किंवा काढणं किती महाग पडतं, याचं उदाहरण डेबियन या लिनक्स वितरणाचं आहे. 2006 मध्ये व्हॅलग्राइंडच्या इशाऱ्यांमुळे त्यांच्या ओपनएसएसएल, म्हणजे गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीच्या, पॅकेजमधून कोड काढला गेला. तो इशारा गळतीचा नव्हता, आरंभमूल्य न दिलेल्या मेमरीचा होता. त्या ओळींबरोबर यादृच्छिकताच निघून गेली. मे 2008 मध्ये उघड झालं तेव्हा लक्षात आलं की दीड-दोन वर्षं बनलेल्या किल्ल्यांना, प्रत्येक प्रकाराच्या आणि लांबीच्या, जेमतेम 32 हजारांच्या आसपास शक्यता होत्या. बदल करणाऱ्याने आधी विचारणाही केली होती. तेव्हा तुमचा पॅच कुणी उशिरा तपासला, चार प्रश्न विचारले, तर रागावू नका.

शॉर्टकटबद्दलही बोलतेच. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) रोज पहाटे रीस्टार्ट ही सेवा चालवणाऱ्याची तात्पुरती सोय असू शकते, पण ती दुरुस्ती म्हणून पाठवू नका. कोड चॅटबॉटला देऊन "लीक काढ" म्हणणंही मी करून पाहिलं. माझ्या वाट्याला आलेल्या उत्तरात दिसेल तिथे फ्री होतं, मालकीचा विचार कुठेही नव्हता. आणि रीडमीमधली शुद्धलेखनं सुधारून गिटहबवरचं खातं हिरवं करणं थांबवा. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या मोहिमेत, असल्या पुल रिक्वेस्टचा (आपला बदल घ्या अशा विनंत्यांचा) एवढा पूर आला की त्याच महिन्यात नियम बदलून प्रकल्पांची आधी संमती घ्यायचं ठरवावं लागलं. त्यातल्या किती तरी आपल्याकडच्या मुलामुलींच्या होत्या आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ज्याला वीस मिनिटं शांतपणे बसून आकडे लिहिता येतात त्याच्यासाठी खरं काम भरपूर आहे.

गिटचंच बघा. कमांड क्षणात संपते, मेमरी कर्नल परत घेतो, म्हणून तिथे वर्षानुवर्षं बारीक गळत्या चालवून घेतल्या गेल्या. 2021 मध्ये त्यांनी चाचण्यांवर लीकसॅनिटायझरची खूण लावायला सुरुवात केली, एकेक फाइल स्वच्छ करत गेले, आणि जानेवारी 2025 च्या 2.48 आवृत्तीपर्यंत चाचणीसंचातल्या गळत्या संपवत आणल्या. अशी कामं सुट्या तुकड्यांत होतात. नवख्याने सुरुवात करावी ती चुकांच्या वाटांवरून, म्हणजे काही बिघडलं की फंक्शन जिथून मध्येच परततं तिथून. फंक्शनच्या मध्येच "रिटर्न वजा एक" दिसलं की त्याच्या वर काय काय घेतलं होतं ते मोजा. बहुतेक सोप्या गळत्या मला तिथेच सापडल्या आहेत. पायथनच्या सी एक्स्टेन्शनमध्ये असाल तर लिस्टची दोन फंक्शनं शेजारी ठेवून वाचा. सेटआयटम तुमचा संदर्भ, म्हणजे वस्तूवरचा तुमचा मोजलेला हक्क, स्वतःकडे घेतं, अपेंड घेत नाही, स्वतःचा नवा वाढवतं. अपेंडनंतर आपला संदर्भ कमी करायचा राहिला की झाली गळती. तिथे व्हॅलग्राइंड लावण्याआधी पायथनमॅलॉक या चलाची किंमत मॅलॉक करा, नाहीतर पायथनच्या स्वतःच्या वाटपकामागे, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या भागामागे, सगळं झाकलं जातं.

आणि पहिल्या महिन्यात काहीच सापडलं नाही तर घाबरू नका. कदाचित तिथे काही नसेलच. वाढ म्हणजे गळती नव्हे. जीलिबसी फ्री झालेली मेमरी लगेच कर्नलला परत देत नाही, आणि अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे प्रवाह) असतील तर 64 बिटवर कोअरच्या आठपट अरीना, म्हणजे मेमरीचे वेगवेगळे साठे, उघडू शकतो. तोच भार पाच वेळा द्या. रेषा दर वेळी सारख्याच पायरीने चढली तर गळती. दोन-तीन फेऱ्यांनंतर आडवी झाली तर वाटपकाची साठवण, जी मॅलॉक_ट्रिमने किंवा अरीनांची मर्यादा घालून तपासता येते.

सध्या मी अशाच एकापुढे बसले आहे. दुसरा प्रकल्प, बहुथ्रेडी, तासाला साधारण 40 केबी वाढतोय. "इन्क्रीज्ड" विचारलं की काहीच येत नाही. भार दुप्पट केला तरी वेग तोच, म्हणजे माझा घटनांचा हिशोबही इथे अजून लागू पडत नाहीये. आज रात्री मॅलॉक_अरीना_मॅक्स एकवर आणून, मिनिटाला एक नोंद लिहायला लावून, यूपीएसवर चालू ठेवतेय.