डिजिटलच्या जोडीला फिल्म : या चुका टाळा

खांद्यावर चांगला डिजिटल कॅमेरा असताना फिल्मचं ओझं कशाला? एक तर छत्तीसच फ्रेम असल्या की बटण दाबायच्या आधी डोळा नीट बघतो. दुसरं म्हणजे कलर निगेटिव्हवर (रंग आणि उजेड उलटे उमटवणाऱ्या फिल्मवर) उजळ भाग झपकन पांढरेफटक होत नाहीत, हळूहळू विरत जातात. डिजिटलवर ते साधायला बरीच खटपट करावी लागते. बहुतेकांचे पहिले दोन-तीन रोल मात्र फसतात, आणि फसतात ते डिजिटलवर हाताला लागलेल्या सवयींमुळे.

उजेडाची कंजुषी

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डिजिटलवर आपण हायलाइट, म्हणजे उजळ भाग, जपतो. आकाश जळू नये म्हणून अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी ठेवायचा आणि सावल्या नंतर रॉ फाइलमधून उचलायच्या. निगेटिव्हवर हेच अंगाशी येतं. सावलीतल्या भागावर पुरेसा प्रकाश पोचला नाही तर तिथे प्रतिमाच उमटत नाही. मग स्कॅन कितीही उजळवा, हाती लागतो तो नुसता राखाडी चिखल आणि दाणे. जास्तीचा प्रकाश मात्र कलर निगेटिव्ह दोन स्टॉपपर्यंत सहज पचवते.

म्हणून आयएसओ ४०० ची कलर निगेटिव्ह उजेड मोजणाऱ्या मीटरवर २०० ला लावावी. लॅबला मात्र नेहमीसारखीच धुवायला सांगावी. याहून नेमकं काम हवं असेल तर आयएसओ डब्यावरचाच ठेवा, ज्या सावलीत तपशील हवा तिथे मीटर धरा आणि आलेल्या मापापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. सावलीनं १/६० ला एफ/४ सांगितलं तर फोटो १/६० ला एफ/८ वर काढायचा. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं) मात्र डिजिटलच्या जातीची. तिथे हायलाइटच जपायचे, आणि अर्ध्या स्टॉपची चूकही डोळ्यांत भरते.

डिजिटल कॅमेरा मीटर म्हणून वापरायला काहीच हरकत नाही. दोन्हींवर आयएसओ सारखा लावा, डिजिटल मॅन्युअलवर ठेवा, आणि निगेटिव्हसाठी स्क्रीनवरचं चित्र आपल्याला आवडतं त्यापेक्षा थोडं उजळ दिसेल असं माप घ्या. सेन्सर एपीएस-सी आकाराचा असेल तर फिल्मवरच्या ५० मिमी लेन्सएवढा भाग बघायला डिजिटलवर साधारण ३३ ते ३५ मिमी लागेल. नाहीतर आकाशाचा भलताच तुकडा मापात येतो.

डिजिटलचा १/८००० चा शटरही विसरा. कडक उन्हात ४०० च्या फिल्मला एफ/१६ वर साधारण १/४०० लागतो. पार्श्वभूमी धूसर करायला एफ/२.८ उघडलात तर १/१२८०० हवा, आणि बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांची धाव १/१००० ला संपते. चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) जवळ ठेवा, नाहीतर १०० ची फिल्म भरा आणि अ‍ॅपर्चरचा हट्ट थोडा सोडा.

रात्रीचं गणितही वेगळं आहे. सेन्सरला दहा सेकंद म्हणजे दहाच सेकंद. फिल्म मात्र लांब एक्स्पोजरमध्ये सुस्तावते. इलफर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला मीटरनं १० सेकंद सांगितले तर द्यावे लागतात सुमारे २०. प्रत्येक फिल्मचा तक्ता वेगळा असतो, तो बघूनच ट्रायपॉड उघडा.

रोल सरकतोय ना?

लीडरचं (फिल्मच्या बाहेर आलेल्या सुरुवातीच्या तुकड्याचं) टोक टेक-अप स्पूलच्या (फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळाच्या) खाचेत घाला, दोन्ही कडांची भोकं दात्यांवर बसलेली बघा, एकदा वाइंड करा आणि मगच मागचं झाकण लावा. आता रिवाइंड नॉब बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून ढील काढा आणि अडला की सोडा. यानंतर प्रत्येक वाइंडबरोबर हा नॉब उलट्या दिशेनं आपोआप फिरायला हवा. तो गप्प बसला असेल तर रोल जागचा हललेला नाही. काउंटरवर भिस्त ठेवू नका, तो रिकाम्या कॅमेऱ्यातही आकडे मोजतो.

शेवटी लीव्हर घट्ट झाला की जोर लावू नका. भोकं फाटतात, क्वचित फिल्म कॅसेटपासून तुटते. तळाचं छोटं बटण दाबून रिवाइंड करा. तुटलीच असेल तर कॅमेरा चेंजिंग बॅगमध्येच (हात घालायच्या बाह्या असलेल्या प्रकाशबंद पिशवीत) उघडा.

आयएसओ दर फोटोला बदलायची सवय इथे चालत नाही. वाढवायचा असेल तर अख्खा रोल त्याच आकड्यावर काढा, तो आकडा कॅसेटवर लिहा आणि लॅबला पुश करायला (डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायला) सांगा. कॅमेऱ्याला आयएसओ आपोआप कळवणारा कॅसेटवरचा डीएक्स कोड १९८३ मध्ये आला. त्याआधीच्या कॅमेऱ्यांत डायल हातानंच लावावा लागतो. कोड नसलेली कॅसेट कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात घातली तर बरेच कॅमेरे १०० धरून चालतात.

बॅटरी, लेन्स, फ्लॅश

साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक कॅमेऱ्यांचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला आहे. त्या आता मिळत नाहीत. त्याच मापाची १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली की मीटर चालतो खरा, पण अनेक कॅमेऱ्यांत उजेड आहे त्यापेक्षा जास्त सांगतो आणि रोल अंधारा येतो. श्रवणयंत्राची ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी व्होल्टेजला जवळ बसते. ती आकारानं लहान असल्यानं भोवती कडं लागतं, आणि सील काढल्यावर ती काही आठवड्यांतच संपते.

दोन्ही कॅमेऱ्यांना एकच लेन्स वापरणार असाल तर निकॉनवाल्यांनी जी मालिकेच्या लेन्स बघून घ्याव्यात. त्यांना अ‍ॅपर्चर रिंग नसते. जुन्या मेकॅनिकल बॉडीवर व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं लख्ख दिसतं, पण शटर दाबताच लेन्स सर्वांत लहान अ‍ॅपर्चरला मिटते.

फ्लॅशसाठी डिजिटलवर १/२०० ची सवय असते. कापडी पडद्याचे कॅमेरे बहुतेक १/६० लाच जुळतात, त्यापुढे गेलात तर फोटोची एक बाजू काळी. उलट प्रकार जास्त धोक्याचा. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कावर २०० व्होल्टहून जास्त दाब असतो. मोजल्याशिवाय ते डिजिटलच्या हॉट शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेत) चढवू नका.

विमानप्रवासात रोल चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका. हातातल्या सामानासाठीही आता सीटी स्कॅनर आले आहेत आणि ते फिल्मवर धुरकटपणा आणतात. रोल पारदर्शक पिशवीत काढून हातानं तपासायची विनंती करा.

घरी धुताना

कृष्णधवल रोल घरी धुणं अवघड नाही, पण तापमान अंदाजानं धरू नका. एचपी५ प्लसला आयडी-११ डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं द्रावण) पाण्यात १+१ प्रमाणात २० अंशांना १३ मिनिटं लागतात, तर २४ अंशांना सुमारे ९. गरम पाण्यात तेराच मिनिटं ठेवलीत तर निगेटिव्हवर हायलाइट ठोकळ्यासारखे काळे होतात. पॅटरसनच्या टँकमध्ये ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली द्रावण लागतं. कमी घातलं तर वरची कड धुतलीच जात नाही. दर मिनिटाला पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटा करा आणि बुडबुडे सुटायला टेबलावर ठोका. फिक्सर (प्रतिमा कायम करणारं द्रावण) जुना असेल तर लीडरचा तुकडा बुडवून बघा. तो स्वच्छ व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा.

रोल बिघडला तर दोष कोणाचा, हे फिल्मच्या कडेवरची अक्षरं सांगतात. ती कारखान्यातच उमटवलेली असतात, कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. अक्षरं ठळक आणि फ्रेम पातळ असतील तर कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरंही फिकट असतील तर डेव्हलपर थंड, जुना किंवा वेळ अपुरा. अक्षरं ठळक पण फ्रेमच नाहीत, म्हणजे रोल सरकला नाही किंवा शटर उघडलं नाही. अक्षरंसुद्धा नाहीत आणि पट्टी कोरी, म्हणजे डेव्हलपर मेलेला होता, नाहीतर फिक्सर आधी पडला. पट्टी दुधाळ दिसली तर घाबरू नका. फिक्सिंग अपुरं झालंय, पुन्हा फिक्स करा.

कलर फोटोत फ्रेमबाहेर भोकांपर्यंत गेलेले तांबडे-नारिंगी पट्टे दिसले तर मागच्या झाकणाचा फोम कुजलाय. प्रकाश पाठीमागून शिरतो आणि लाल रंगाला संवेदनशील थर त्या बाजूनं सगळ्यात आधी लागतो, म्हणून पट्टेही तांबडे. कुजका फोम चिकट होतो. तो स्पिरिटनं पुसून नवा लावा आणि तुकडे शटरवर पडू देऊ नका.

डिजिटलनं स्कॅन करताना

इथे दोन्ही कॅमेरे खऱ्या अर्थानं जोडीला येतात. १:१ मॅक्रो लेन्स, एफ/८, आयएसओ १००, रॉ आणि ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेला लाइट पॅनेल एवढं पुरतं. मोबाइलच्या स्क्रीनवर निगेटिव्ह थेट ठेवली तर पिक्सेलची जाळी फोटोत येते, ती दोन-तीन सेंटिमीटर वर उचला. खोलीतले दिवे बंद करा आणि निगेटिव्हभोवतीचा मोकळा उजेड काळ्या कागदानं झाका, नाहीतर सावल्या धुवट येतात. एका रोलचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर कायम ठेवा. ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो आणि निगेटिव्हचे रंग सुलटे करताना डोकं फिरतं.

मध्य धारदार पण एखादा कोपरा मऊ असेल तर लेन्सला दोष देऊ नका, कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे का ते बघा. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसेपर्यंत कॅमेरा हलवा, मग आरसा काढून निगेटिव्ह ठेवा आणि दाण्यावर फोकस करा. धूळ आधीच ब्लोअरनं उडवा. स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळ-सफाई चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही. चांदी इन्फ्रारेडही अडवते, त्यामुळे तिला चित्रच धूळ वाटतं.