पेजेची निवळ, लाळ आणि आयोडीन: तापमान व आंबटपणाचा विकरांवरचा परिणाम घरी कसा पाहावा

भाताचा घास बराच वेळ चघळला की गोडसर लागू लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) स्टार्चचे तुकडे करतं आणि त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. स्टार्च फोडणारं असंच विकर पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८३३ साली माल्टमधून वेगळं काढलं होतं. थंडी, उष्णता आणि आंबटपणा यांनी विकराचं काय होतं, हे शाळेत आलेख पाहून पाठ होतं. पण गोव्यात ज्या घरी सकाळी उकड्या तांदळाची पेज होते, तिथे ते डोळ्यांनी पाहता येतं.

आधी तयारी. पेजेची वरची निवळ घ्या, चौपट पाणी घालून पातळ करा आणि पूर्ण निवू द्या. त्यात चिमूटभर मीठ टाका. क्लोराइडशिवाय हे विकर नीट चालत नाही, म्हणून मीठ विसरू नका. चूळ भरून चमचाभर कोमट पाणी मिनिटभर तोंडात घोळवा आणि वाटीत काढा. हीच तुमची विरळ लाळ. प्रत्येकाने फक्त स्वतःचीच लाळ वापरावी. यातला थोडा भाग वेगळ्या स्टीलच्या वाटीत घेऊन ती वाटी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मग गार करा.

पाच कपांत सारखीच निवळ ओता. पहिल्यात साधी लाळ. दुसऱ्यासाठी निवळ आणि लाळ दोन्ही आधी बर्फात थंड करा, मगच मिसळा, आणि कप बर्फातच राहू द्या. तिसऱ्यात उकळलेली लाळ. चौथ्यात आधी अर्धा चमचा माडाचं व्हिनेगर, नंतर लाळ. पाचव्यात लाळेऐवजी नुसतं पाणी. तुलनेला हा कप हवाच.

आता पांढऱ्या बशीत औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचे थेंब ओळीने ठेवा. दर मिनिटाला प्रत्येक कपातला एक थेंब नव्या आयोडीनवर सोडा, आणि चमचा दरवेळी धुवा. निळाकाळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे. जांभळट, मग तपकिरी दिसू लागला की स्टार्च फुटला. वेळ प्रत्येकाच्या लाळेनुसार बदलते. पहिल्याच मिनिटात सगळं संपलं, तर लाळ आणखी पातळ करून पुन्हा करा.

दोन गोष्टींनी हा प्रयोग हमखास फसतो. व्हिनेगरऐवजी लिंबू पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवतं आणि स्टार्च फुटल्याचा भास होतो. कोकमाचं आगळही नको, त्याचा लाल रंग सगळं झाकतो. दुसरं, थेंब गरम असेल तर स्टार्च असूनही निळा रंग दिसत नाही, म्हणून तपासणी नेहमी गार थेंबावर करा.

पहिला कप लवकर तपकिरी होईल, बर्फातला रेंगाळेल. उकळलेल्या लाळेचा, व्हिनेगरचा आणि पाण्याचा कप निळेच राहतील. बहुतेक जण इथेच थांबतात, पण मला वाटतं प्रयोगाचा खरा गाभा पुढच्या पायरीत आहे. बर्फातला कप आणि उकळलेल्या लाळेचा कप दोन्ही कोमट पाण्यात, साधारण ३७ अंशांवर ठेवा आणि पुन्हा थेंब तपासा. बर्फातलं विकर वेगाने कामाला लागतं. उकळलेलं लागत नाही, कितीही वाट पाहा. थंडीत रेणूंची हालचाल मंदावते, पण विकराचा आकार शाबूत राहतो. उकळल्यावर प्रथिनाची घडीच उलगडते, आणि स्टार्च जिथे बसतो ती जागा मोडते.

व्हिनेगरच्या कपाचं कारण वेगळं. अमायलेजला ६.७ ते ७ च्या आसपासचा, म्हणजे जवळजवळ उदासीन, सामू (pH, आंबटपणाचं माप) लागतो. जठरात आम्ल असतं, म्हणून गिळलेल्या घासातलं लाळेचं काम तिथे हळूहळू थांबतं. जठरातलं पेप्सिन मात्र २ च्या आसपासच्या सामूवरच जोमाने चालतं.

स्वयंपाकातही हेच ध्यानात ठेवा: सान्नांच्या (गोव्यातल्या इडलीसारख्या पदार्थाच्या) पिठात ते आंबवणारी सूर, म्हणजे माडी, घालायची ती पीठ पूर्ण निवल्यावरच. आंबवलेलं पीठ फ्रिजमध्ये ठेवलं असेल, तर बाहेर काढून त्याला पुन्हा फुगायला वेळ द्या.