युद्धामुळे घर सुटलेल्यांसाठी कोकणातल्या गावाने मदत कशी उभी करावी

कोकणातल्या गावाला मदतनिधी उभा करायला फारसा वेळ लागत नाही. ग्रामविकास मंडळाची पावतीपुस्तके तयार असतात, वाडीवार वर्गणी गोळा करणारी मुले ठरलेली असतात, आणि मुंबई मंडळाला एक निरोप गेला की परळ-लालबागपासून दिवा-नालासोपाऱ्यापर्यंतचे चाकरमानी आपापल्या परीने रक्कम धाडतात. मुस्लिम मोहल्ल्यांत हेच काम जमात करते आणि रमजानमध्ये तर त्याची घडी आधीच बसलेली असते. निसर्ग चक्रीवादळात आणि २०२१ च्या पुरात ही यंत्रणा चांगली उपयोगी पडली. सुदान, म्यानमार किंवा मणिपूर येथील अंतर्गत संघर्षामुळे घरदार सोडून पळालेल्या माणसांना मदत पाठवायची असेल, तर मात्र तीच यंत्रणा वेगळ्या रीतीने वापरावी लागते. पुराचे पाणी ओसरले की रस्ता उघडतो आणि माणूस आपल्याच घरातला चिखल काढायला परत येतो. संघर्षात रस्ता कोणत्या तरी सशस्त्र गटाच्या ताब्यात असतो, आणि परत जायला घर उरलेले नसते किंवा त्यात दुसरे कोणी राहायला आलेले असते. त्यामुळे येथून काय पाठवावे यापेक्षा तेथे ते कोण पोहोचवणार आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मंडळाच्या सभेत पहिला ठराव ‘निर्वासितांना मदत’ असा मोघम न करता नेमक्या कोणत्या लोकांना मदत करायची, ते नाव घेऊन लिहावे. माणसे स्वतःच्या देशातच आहेत की सीमा ओलांडून गेली आहेत, यावर पैशाचा मार्ग आणि त्याला लागू होणारे नियम ठरतात. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून उसळलेल्या हिंसाचारात साठ हजारांच्या आसपास माणसे विस्थापित झाली. मैतेई आणि कुकी-झो अशा दोन्ही समाजांची बहुतेक माणसे राज्यातच वेगवेगळ्या भागांतल्या छावण्यांत गेली. येथे देशांतर्गत देणगीचे साधे नियम लागू होतात. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर चिन प्रांतातून तीस हजारांहून अधिक माणसे मिझोराममध्ये आली. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही, तरीही मिझोरामच्या लोकांनी त्यांना आसरा दिला. हा भार बऱ्याच अंशी यंग मिझो असोसिएशनच्या गावोगावच्या शाखांनी आणि चर्चमंडळींनी उचलला. आपल्या मंडळांनी ज्यांच्याशी थेट नाते जोडावे अशी ही माणसे आहेत, असे मला वाटते. वर्गणी, पंगत आणि श्रमदान या तिन्ही गोष्टी त्यांना आपल्याइतक्याच ठाऊक आहेत.

सुदानचे प्रकरण सर्वांत मोठे आणि आपल्यापासून सर्वांत दूरचे. १५ एप्रिल २०२३ रोजी तेथील लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात खार्टूममध्ये लढाई पेटली आणि पुढे एक कोटीहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. त्यांतले बहुसंख्य सुदानमध्येच भटकत राहिले. बाकीचे चाड, इजिप्त, दक्षिण सुदान अशा शेजारच्या देशांत गेले. त्याच दिवसांत ‘ऑपरेशन कावेरी’खाली नौदलाच्या जहाजांनी आणि हवाई दलाच्या विमानांनी पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे ३,८०० हून अधिक भारतीय सुखरूप परत आणले. आखातात किंवा जहाजावर माणूस असलेल्या आपल्याकडच्या घरांना त्या आठवड्यांची धास्ती वेगळी सांगायला नको. ज्यांच्या हातात बाहेरच्या देशाचा पासपोर्ट नव्हता, ते त्याच बंदरात मागे राहिले.

आता वस्तूंचा प्रश्न. सभेत कोणीतरी तांदूळ, चादरी आणि जुने कपडे गोळा करून टेम्पो भरण्याची सूचना हमखास करतो. त्यामागचा भाव खरा असतो, म्हणून त्याला गप्प बसवू नये; परंतु सूचना नम्रपणे बाजूला ठेवावी. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आलेल्या मदतीच्या गोण्या सोडायला मी बसलो होतो. एका गोणीत जरीची शेरवानी, लग्नातले दोन फेटे, एकाच पायाचे बूट आणि बटणे तुटलेले लहान मुलांचे स्वेटर निघाले. बाजारपेठेतल्या माणसांना त्या दिवशी फावडी, खराटे, गमबूट, ब्लीचिंग पावडर आणि पाणी उपसायचे पंप हवे होते. गोण्या सोडायला, निवडायला आणि ठेवायला जी माणसे व जी कोरडी जागा लागली, ती दुसऱ्या कामाला मिळाली नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते आणि ते गोळा करून, निवडून मार्गी लावण्याचे काम ‘गूंज’सारख्या संस्थेला करावे लागले.

संघर्षाच्या ठिकाणी याहून वाईट घडते, कारण माल अडवला जातो. मणिपूरला जाणारा दिमापूर-इम्फाळ महामार्ग २०२३ मध्ये वारंवार रोखला गेला. रत्नागिरीहून निघालेला टेम्पो तेथे पोहोचला असता, तरी तो कोणत्या नाक्यावर थांबला असता आणि त्यातला माल कोणाच्या गोदामात गेला असता, याचा भरवसा कोणी दिला नसता. शिवाय माल एकाच बाजूच्या हद्दीत पोहोचतो आणि मग पाठवणारे गाव नकळत एका गटाचे होते.

दोन वस्तूंबाबत तर ठाम नकारच द्यावा. बाळांसाठी डब्यातले दूध गोळा करू नये. छावणीत उकळलेले पाणी आणि स्वच्छ बाटली मिळेलच असे नसते, त्यामुळे त्या दुधाने अतिसार वाढतो आणि आईचे दूध मात्र तुटते. आपल्याकडच्या १९९२ च्या कायद्यानेही अशा दुधाच्या फुकट वाटपावर बंधने घातली आहेत. घरात उरलेली औषधेही घेऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे रुग्णांनी परत केलेली औषधे दानात चालत नाहीत आणि दिलेल्या औषधाची मुदत ते पोहोचल्यावर किमान वर्षभर तरी शिल्लक असावी लागते. ज्यांना वस्तूच द्यायच्या आहेत त्यांच्याकडून तांदूळ आणि चादरी घेऊन तालुक्यातल्या एखाद्या आश्रमशाळेला विचारून द्याव्यात, म्हणजे कोणाचे मन मोडत नाही.

पैशांबद्दलचा आक्षेप ठरलेला असतो: पैसे मधल्या मध्ये कोण खाईल, याचा नेम नाही. हा संशय रास्त आहे आणि त्याचे उत्तर संस्था निवडताना द्यायचे असते. मात्र विस्थापितांच्या हाती रोख रक्कम पडली तर ते ती उधळतील, हा दुसरा संशय मनातून काढून टाकावा. जॉर्डनमधील झातारी छावणी २०१२ च्या जुलैत सिरियन निर्वासितांसाठी उघडली. तेथे पुढे लोकांच्या नावावर ठरलेली रक्कम जमा होऊ लागली आणि ते छावणीतल्या दुकानात डोळ्याच्या बुबुळाची ओळख पटवून हवे ते सामान घेऊ लागले. ज्या घरात मधुमेही म्हातारी आहे ते घर वेगळे सामान घेते आणि ज्या घरात तान्हे मूल आहे ते वेगळे. ही निवड रत्नागिरीत बसून करता येत नाही. जेथे बाजार चालू आहे तेथे रोख रक्कम द्यावी. जेथे बाजारच बंद पडला आहे किंवा वेढा पडला आहे तेथे शिजवलेले अन्न द्यावे. सुदानमध्ये वस्तीवस्तीतल्या तरुणांनी आपत्कालीन मदत कक्ष उभारून सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, आणि मोठ्या संस्थांचे ट्रक जेथे जाऊ शकले नाहीत तेथेही बराच काळ याच चुलींवर माणसे जगली. त्यामुळे संस्थेला विचारावे की आमच्या पैशातला काही भाग अशा स्थानिक गटांच्या हाती जातो का. उत्तर टाळले गेले तर दुसरी संस्था शोधावी.

संस्था निवडण्यासाठी दोन-तीन माणसांची छोटी समिती नेमावी. त्यात एखादी निवृत्त शिक्षिका किंवा बँकेतून निवृत्त झालेला माणूस असेल तर काम सोपे होते. नोंदणी क्रमांक, नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ या संकेतस्थळावरची नोंद, देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारे ८०जी प्रमाणपत्र आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षित अहवाल या गोष्टी तर पाहाव्यातच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर एक रुपयाही पाठवू नये. खाते क्रमांक संस्थेच्या कार्यालयात फोन करून पडताळावा. पण कागद नीटनेटके असलेली संस्था छावणीत नीट काम करतेच असे नाही, म्हणून पुढचे प्रश्न अधिक महत्त्वाचे.

मदतकार्यासाठी ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मानके आहेत. त्यांनुसार पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि अंग धुण्यासाठी मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळावे. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या धनगरवाड्यांना हा आकडा लगेच कळेल: एका माणसाला दिवसभरासाठी जेमतेम एक हंडा. डोक्यावर छप्पर असलेली जागा माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट असावी. शौचालय अगदी सुरुवातीला ५० माणसांमागे एक चालते, पण लवकरात लवकर ते २० माणसांमागे एक व्हावे लागते, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत असावे लागते, आणि स्त्रियांची शौचालये पुरुषांच्या तिप्पट असावीत अशी शिफारस आहे.

हे आकडे संस्थेपुढे ठेवून तुम्ही जेथे काम करता तेथे काय स्थिती आहे, असे सरळ विचारावे. आकडे पूर्ण होत नसतील तर ती संस्था वाईट ठरत नाही. चाडमधल्या आद्रेसारख्या सरहद्दीवरच्या छोट्या गावात लाखो माणसे आली तेव्हा कोणालाच ते पूर्ण करता आले नसते. मात्र आकडा किती कमी आहे, हे संस्थेला माहीत असले पाहिजे. माझ्या मते सर्वांत बोलका प्रश्न अगदी लहान आहे: शौचालयाला आतून कडी आहे का आणि रात्री तेथे दिवा असतो का? छावण्यांमध्ये बायकामुलींवरचे हल्ले अनेकदा याच वाटेवर होतात, आणि म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. ज्या संस्थेच्या माणसाला याचे उत्तर क्षणभरही न थांबता देता येते, ती संस्था छावणीतल्या बायकांशी बोलते असे समजावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मंडळ नोंदणीकृत असेल तर त्याच्या घटनेत हा हेतू बसतो का ते पाहावे. नसेल तर वर्गणी सुरू करण्यापूर्वी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारून रीतसर कळवावे. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर ८०जीखालची सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच घ्यावी. मंडळाने परदेशातल्या कोणाच्या खात्यावर स्वतः पैसे पाठवण्याच्या फंदात पडू नये. भारतात नोंदणी असलेल्या आणि तेथील कामासाठी रीतसर निधी देऊ शकणाऱ्या संस्थेकडेच ते द्यावेत. कोकणातल्या मंडळांनी आणखी एक गोष्ट जपावी. दुबई किंवा कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही, परंतु लंडन किंवा दक्षिण आफ्रिकेत स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्याची देणगी, त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे) कार्ड असले तरी, विदेशी ठरते. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेता येत नाही. अशा भावाबंदांना त्यांच्याच देशातल्या एखाद्या मदतसंस्थेला परस्पर पैसे द्यायला सांगावे.

वर्गणीच्या काळात गावात वाद होणारच. मणिपूरचे नाव निघाले की कोण बरोबर आणि कोण चूक, यावर पारावर चर्चा रंगते. सुदानचे नाव निघाले की धर्म निघतो. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगावे की पैसे गरज पाहून जातील, आणि मणिपूरसाठी असतील तर दोन्ही बाजूंच्या छावण्यांत काम करणाऱ्या संस्थेलाच जातील. ज्याला हे पटत नाही त्याची वर्गणी आग्रह न करता राहू द्यावी. फलकावर किंवा समाजमाध्यमांवर विस्थापितांची छायाचित्रे लावू नयेत, मुलांची तर नाहीच. ज्यांच्यापासून ही माणसे पळाली आहेत त्यांच्याही हातात मोबाईल असतो, आणि चेहरा व छावणीचे नाव एकत्र दिसले की मागे राहिलेल्या नातेवाईकांना त्याची किंमत मोजावी लागू शकते. संस्थेकडून लाभार्थ्यांच्या नावांची यादी मागू नये. किती घरांना काय मिळाले, एवढा हिशेब पुरेसा आहे.

आणि हे एका वर्षात आटपणारे काम नाही. १९८३ नंतर श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांतली हजारो माणसे आजही तमिळनाडूच्या छावण्यांत राहतात. आपल्याच कोकण विभागात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले गेले. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले, तरी तेथले पत्ते अजून कॅम्प नंबरनेच सांगितले जातात. म्हणून एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्यापेक्षा तीच रक्कम तीन वर्षांत विभागावी आणि तसे संस्थेला आधीच लेखी कळवावे, कारण बातम्या थांबल्यावर संस्थांकडचा पैसा आटतो आणि तेव्हाच छावणीतली शाळा बंद पडते. शिमग्याला चाकरमानी गावात असतात. त्या सभेत आदल्या वर्षीचा हिशेब वाचावा, संस्थेचे पत्र देवळाच्या आणि मशिदीच्या फलकावर लावावे आणि पुढचा हप्ता पाठवायचा की संस्था बदलायची, हे तेथेच हात वर करून ठरवावे.