गडचिरोलीकडे राहून प्रवास छायाचित्रकार होताना

नवा कॅमेरा घेतलेली मुलं भेटली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "दादा, लडाखले कधी जावं?" मी सांगतो, आधी आपल्या दोन-तीन तालुक्यांचं अख्खं वर्ष पदरात पाडून घ्या. लडाखच्या फोटोंचा बाजारात ढीग आहे. पण वडसा-आरमोरी पट्ट्यातली रोवणी, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), मोहाचा हंगाम हे सगळं नीट नोंदींसह एकाच ठिकाणी हवं असेल, तर संपादकाला शोधाशोध करावी लागते. त्या शोधात तुमचं नाव यायला हवं.

सुरुवात हंगामाच्या वहीपासून करा. जुलै-ऑगस्टात धानाच्या बांध्यांत रोवणी. श्रावणी अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. दसऱ्याच्या आसपास यवतमाळ-वणीकडे कापूस वेचणी सुरू होते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत (पूर्व विदर्भातल्या धान-जंगलाच्या पट्ट्यात) मंडया आणि नाटकं, महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची यात्रा, मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्या-पावसाळ्यातच होते. त्यामुळे यंदाच्या मंडईचे फोटो पुढच्या वर्षीच्या अंकात जातात. हे गणित कळलं की घाई कमी होते.

झाडीपट्टीची नाटकं ही आपल्याकडची सर्वांत समृद्ध जागा आहे असं मला मनापासून वाटतं. वडशातून नाटक कंपन्या निघतात, गावोगाव रात्रभर प्रयोग होतात, हंगाम होळीपर्यंत चालतो. दुपारीच पोचा. मंडप उभा राहताना, पडदे लागताना, रंगपटात कलावंत तयार होताना फोटो मिळतात. पण आधी गावच्या आयोजक मंडळाला आणि कंपनीच्या व्यवस्थापकाला विचारा. फ्लॅश अजिबात वापरू नका. नटाची नजर विचलित होते, प्रेक्षकही वैतागतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४००, शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास, भिंग मोठ्या छिद्राचं. फोटोत थोडी खरखर (दाणेदारपणा) चालते. आणि मध्यरात्रीनंतर रंगमंचाकडे पाठ करा. चादरी पांघरून बसलेल्या बाया, मांडीवर झोपलेली लेकरं, मागे चहाच्या टपरीवरची गर्दी. नाटकाचं गावाशी असलेलं नातं मला तिथेच दिसतं.

मोहाचं तसंच. फुलं पहाटे गळतात, म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली असायला हवं. काही ठिकाणी वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातून वणवा लागण्याची भीती असते. असा फोटो खाली माहितीची ओळ न देता छापला, तर वेचणाऱ्या बाईलाच लोक गुन्हेगार ठरवतात. फोटोओळ म्हणूनच छायाचित्राइतकी महत्त्वाची. गाव, महिना, काम काय चाललंय, माणसाचं नाव (त्याची तयारी असेल तर) हे त्याच रात्री फाइलीच्या माहितीत भरा. आठवड्याने आठवत नाही.

परवानगीला वेळ द्या. गावात शिरल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवा, आधी पारावर बसा. मेंढा (लेखा) सारख्या गावात ग्रामसभेला विचारल्याशिवाय काम सुरू करू नये. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा ते जगतात. जाहिरातीसाठी कुणाचा चेहरा वापरला जाणार असेल, तर लेखी संमती घ्या, मराठीत वाचून दाखवून. पुरातत्त्व खात्याच्या मंदिरात तिपाई लावायला वेगळी परवानगी लागते. ताडोबात आणि लोणारच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोनचा विचारही करू नका.

ताडोबाच्या वाघाबद्दल एवढंच सांगतो: तो सगळ्यांकडे आहे. मोहर्लीतल्या गाईड-जिप्सीवाल्यांचं आयुष्य फार थोड्यांकडे आहे. लोणारचंही तसंच. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, तेव्हा गर्दी उसळली. पण काठच्या मंदिरांचे चारही ऋतूंतले फोटो कितींकडे असतील?

यंत्रांचं थोडक्यात: चंद्रपूरच्या मे महिन्यात कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका, पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते म्हणून ते हवाबंद डब्यात ठेवून त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घाला, आणि प्रत्येक फाइलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

आता पैसा. सुरुवातीची काही वर्षं लग्नसराईचं काम घ्या, त्यात कमीपणा नाही. ताडोब्याजवळची रिसॉर्ट, होमस्टे, संस्थांचे अहवाल, मासिकं, असं चहूबाजूंनी थोडं थोडं येतं. पण काम घेण्याआधी एक कायदा माहीत हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क त्या ग्राहकाचा. म्हणजे रिसॉर्टसाठी काढलेली तलावाकाठची पहाट तुम्हाला दुसरीकडे विकता येणार नाही. म्हणून दर सांगतानाच एका पानावर लिहून घ्या: हक्क माझे, तुम्हाला वापर अमुक कामासाठी, अमुक वर्षांसाठी, नावासह. ग्राहकाने सगळे हक्क मागितले तर द्यायला हरकत नाही, फक्त त्याचा दर वेगळा आणि बराच जास्त असावा. आगाऊ रक्कम हातात आली आणि त्या पानावर सही झाली की मगच गाडीत पेट्रोल टाका.