गावात आरोग्याचं काम करायचंय? गोव्यात सुरुवात कशी करायची ते सांगते

"मी डॉक्टर नाही, नर्स नाही, मग मी काय करणार" असं म्हणणारे खूप भेटतात. आणि असेही भेटतात ज्यांना वाटतं की देवळाच्या सभागृहात एक शिबिर घेतलं, लोकांचं बीपी-शुगर बघितलं, बॅनरसमोर फोटो काढला की झालं. शिबिर घ्या, जरूर घ्या, पण शिबिरात बीपी जास्त निघालेली काकी पुढच्या महिन्यात गोळी घेते की नाही हे बघायला तिच्या दारात कोण जाणार? गावातलं आरोग्याचं काम म्हणजे मुख्य हेच, त्याच घरात परत जाणं. त्याला डिग्री लागत नाही, थोडं शिकून घ्यावं लागतं, दिलेली वेळ पाळावी लागते आणि ऐकलेलं पोटात ठेवता यावं लागतं.

गोव्यात तर याची गरज जास्तच आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडे तुमचे पाहुणे असतील तर त्यांच्या तोंडी सारखं आशाताईंचं नाव असतं. आपल्याकडे मात्र आशा योजना वर्षानुवर्षं राबवलीच गेली नाही, घरोघरी जायचं सगळं काम एएनएम (सबसेंटरच्या नर्सबाई), मल्टिपर्पज हेल्थ वर्कर आणि अंगणवाडीच्या बाईंवर येतं, आणि सत्तरी किंवा सांगेसारख्या तालुक्यात वाडे एवढे लांब लांब आहेत की एकटीनं किती फिरणार.

तर पहिली गोष्ट, आपला वाडा कुठल्या सबसेंटरखाली आणि कुठल्या हेल्थ सेंटरखाली येतो ते शोधा. जवळचं सेंटर तेच आपलं असं दरवेळी नसतं, अंगणवाडीत विचारलं की लगेच कळतं. मग तिथल्या हेल्थ ऑफिसरना भेटा, ओपीडीच्या गर्दीत नको, दुपारी ओपीडी संपत आली की जा, आणि हातात एक साधा अर्ज असू दे: नाव, वाडा, आठवड्यातून किती तास आणि कुठल्या दिवशी. आपली मोठी योजना सांगायला जाऊ नका, "तुम्हाला कशात माणूस कमी पडतं?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर अगदी साधं असतं, लसीकरणाच्या ड्यू लिस्टमधली, म्हणजे लस बाकी असलेल्यांच्या यादीतली, दोन-तीन मुलं येत नाहीयेत, टीबीच्या एका पेशंटनं औषध बंद केलंय, डासांच्या सर्व्हेला लोक आत घेत नाहीत. तिथूनच सुरू करा. सेंटरकडून एक ओळखपत्र नाहीतर सहीशिक्क्याचं पत्र मागून घ्या, त्याशिवाय कोणाच्या घरात आरोग्याच्या नावाखाली जाऊ नका. आपल्या पंचांनाही कानावर घाला, आणि गावची आरोग्य, स्वच्छता, पोषण समिती जिवंत आहे का ते विचारा, कागदावर ती असते, तिच्या बैठका होतात का हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला काहीच हरकत नाही.

अख्खं गाव घेऊ नका. आपलाच वाडा, तीस-चाळीस घरं, एवढं पुरे. पहिल्यांदा जाताना महिला मंडळातली किंवा सेल्फ हेल्प ग्रुपमधली एखादी वहिनी सोबत घ्या, तिला बघून लोक बसायला सांगतात. गणेश चवथीच्या आठवड्यात कोणाच्या घरी वही घेऊन जाऊ नका, आणि काजूच्या हंगामात सकाळी घरात कोणीच नसतं, सगळे बागायतीत, तेव्हा संध्याकाळची वेळ ठेवा.

आता शिकायचं काय. माझं मत विचाराल तर दोन गोष्टी आधी, सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) आणि नीट बीपी मोजणं. सीपीआर व्हिडिओ बघून येत नाही, पुतळ्यावर हात चालवूनच शिकावं लागतं, ट्रेनिंग कुठे मिळेल ते सेंटरमध्येच विचारा.

बीपीचं जरा सविस्तर सांगते कारण यात सगळ्यात जास्त गडबड होते. मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. माणूस उन्हातून चालत आलाय आणि आपण लगेच पट्टा आवळला तर आकडा वर येणारच. पाच मिनिटं बसू दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा तंगडीवर तंगडी नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर कोपराच्या दोन बोटं वर, नऊवारीच्या पोलक्यावरून किंवा शर्टावरून नाही. अर्ध्या तासात चहा, विडी झाली असेल तर थांबा. मोजताना बोलायचं नाही, हे सगळ्यात कठीण, कारण आजीला तेव्हाच सुनेबद्दल सांगायचं असतं. मिनिटभरानं परत मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. १४०/९० किंवा वर आलं तर "तुम्हाला बीपी आहे" असं जाहीर करू नका, ते ठरवायचं काम डॉक्टरचं, आपण म्हणायचं "सेंटरवर एकदा दाखवून येऊया". १८०/१२० च्या आसपास असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काही असेल तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ लावा.

आणि मग ते परत जाणं. एका काकींच्या घरी मी गेले तर गोळ्यांची पाकिटं देवाच्या फळीवर तशीच, नीट रबर लावून ठेवलेली. "काकी, गोळ्या घेत नाही का?" "अगो, आता बरं वाटतं ना, मग कशाला? दुखेल तेव्हा घेईन." आता इथे लेक्चर दिलं तर ती पुढच्या वेळी दारच उघडणार नाही. बीपी दुखत नाही, बरं वाटतं ते गोळीमुळेच, एवढं दोन वाक्यात सांगितलं आणि मग खरं विचारलं, औषध आणायला कोण जातं? तेव्हा कळलं की मुलगा वेर्ण्याला फॅक्टरीत शिफ्टला, बसचं टायमिंग जमत नाही, आणि रांगेत उभं राहवत नाही. म्हणजे अज्ञान थोडं आणि अडचण जास्त. तिच्यासोबत एकदा सेंटरवर जाऊन दर वेळी किती दिवसांच्या गोळ्या मिळतील ते ठरवून घेतलं आणि शेजारच्या वहिनींना आणायला सांगितलं, एवढ्यावर ते सुटलं. सेंटरमध्ये बीपी-शुगरची औषधं फुकट मिळतात हेसुद्धा बऱ्याच जणांना माहीत नसतं.

एक वही ठेवा. तारीख, घर, काय बघितलं, काय सांगितलं, परत कधी जायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो रिकामा ठेवायचा नाही. वहीत आजाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहू नका, आपली काहीतरी खूण ठेवा, कारण वही कुठेतरी राहते आणि कोणीतरी उघडते.

तापाचं गोव्यात ऋतूप्रमाणे बघायला लागतं. पाऊस सुरू झाला की डेंग्यू. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस साठलेलं पाणी ओतायचंच. नारळाच्या करवंट्या, कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पडलेल्या पोयी, म्हणजे झावळीचे खोलगट देठ, जुने टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, टाकीचं तुटलेलं झाकण, हे स्वतः हातात टॉर्च घेऊन घरच्या माणसासोबत बघा, पत्रक वाटून काही होत नाही. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या एकदा डोळ्यांनी दाखवल्या की घरातली मुलंच पुढच्या आठवड्यापासून शोधायला लागतात. तापात पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको, आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, डेंग्यूत धोका नेमका ताप उतरताना असतो: पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, गुंगी, यातलं काही दिसलं की लगेच हॉस्पिटल. शेतात चिखलात उतरणाऱ्यांना ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाणीच्या पाण्यातून-चिखलातून होणारा ताप) असू शकतो, डॉक्टरला "शेतात काम करतो" हे सांगायला विसरू नका म्हणावं.

आणि सत्तरीवाल्यांनो, माकडताप. २०१५ पासून आपल्याकडे हा आजार दिसलाय, गोचिडीतून येतो, थंडीपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे नेमका काजूच्या वेळेला. बोंडू गोळा करायला खाली वाकून पालापाचोळ्यात हात घालणारी माणसं, त्यात बायका जास्त, त्यांनाच धोका. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, तिथे थांबू नका, हेल्थ सेंटरला ताबडतोब कळवा. बागायतीत जाताना पूर्ण हात-पाय झाकणारे कपडे, सेंटरकडून गोचिडीसाठी तेल मिळत असेल तर ते लावून, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे गरम पाण्यात, अंगावर गोचीड आहे का ते एकमेकांनी बघायचं. अचानक जोराचा ताप, कपाळ ठणकणं, अंग मोडून येणं असेल आणि काजूला जाऊन आलेला माणूस असेल तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नका. माणसाकडून माणसाला हा होत नाही, त्यामुळे पेशंटच्या घराला वाळीत टाकल्यासारखं कोणी करत असेल तर तिथे तुम्ही स्वतः जाऊन बसा, चहा प्या. सगळ्या पत्रकांपेक्षा याचा उपयोग होतो.

टीबीचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, तर थुंकी तपासायला पाठवा, तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी सेंटरमध्ये फुकट. साध्या टीबीचं औषध सहा महिने, आणि लोक सोडतात ते महिना-दोन महिन्यांनी, बरं वाटायला लागलं की. सुरुवातीलाच सांगून ठेवा की या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, ते रक्त नाही, घाबरून औषध सोडू नका. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर. पोषणासाठी सरकार महिन्याला १००० रुपये खात्यात टाकतं, आधी ५०० होते, ते येतात का ते विचारा, कारण खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात आणि पेशंटला कोणी सांगत नाही. तुमच्या मंडळाला, क्लबला मदत करायची असेल तर निक्षय मित्र (टीबी पेशंटला मदत करणारे, सरकारकडे नोंद असलेले) म्हणून नोंद करा आणि पेशंटला दर महिन्याचा शिधा द्या, फक्त तो वाटताना फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, कृपा करून.

मनाच्या आजारांबद्दल लोक म्हणतात ते आपलं काम नाही. पण गोव्यातच हे सिद्ध झालंय. संगथ ही संस्था १९९६ पासून इथे आहे, तिच्या लोकांनी गोव्यातल्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांमध्ये साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशन शिकवून काम केलं, आणि सरकारी सेंटरमधल्या पेशंटना त्याचा फायदा झाला हा अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मात्र त्या माणसांना ट्रेनिंग होतं आणि वर देखरेख होती, आपण ऐकून घेऊन पुढे पाठवणारे, एवढंच लक्षात ठेवा. झोप लागत नाही, जेवण जात नाही, दारू वाढलीये, कशातच मन नाही असं दिसलं तर शेजारी बसून विचारा. जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारलं म्हणून तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, बांबोळीला मनोरुग्णालय आहे, आत्ताच धोका वाटत असेल तर १०८.

बांबोळीवरून आठवलं. जीएमसीत, म्हणजे तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पाठवणं म्हणजे चिठ्ठी देऊन मोकळं होणं नव्हे. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या म्हाताऱ्या माणसाला तिथला पसारा बघूनच घाम फुटतो, केस पेपर कुठे, ओपीडी कुठली, रक्त कुठे द्यायचं. पहिल्या वेळी सोबत जा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा, चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या, आणि दीनदयाळ कार्ड (राज्य सरकारच्या आरोग्य विम्याचं) रिन्यू केलंय का ते आधी बघा. या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत कव्हर आहे, पण कार्ड संपलेलं असलं तर ऑपरेशनच्या दिवशी घरच्यांची धावपळ होते. हे काम वर्षातून एकदा वाड्यावर बसून सगळ्यांची कार्डं बघून होण्यासारखं आहे.

भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार वगळू नका. त्यांची मुलं लसीत मागे राहतात, गाव सोडून आल्यामुळे कार्ड हरवलेलं असतं. हिंदी येत असेल, थोडं कानडी येत असेल तर तुम्ही तिथे फार उपयोगी.

काय करायचं नाही तेही सांगते. औषध सुचवायचं नाही, आपल्या घरातली गोळी द्यायची नाही, इंजेक्शनला तर हातच लावायचा नाही. कोणाला टीबी, कोणाला एचआयव्ही, कोणाची मुलगी गरोदर, हे आपल्या नवऱ्यालाही सांगायचं नाही. गावात एक गोष्ट फुटली की चाळीसही दारं बंद होतात आणि परत उघडत नाहीत.

यातच पुढे नोकरी करायची असेल तर रस्ते आहेत. बारावीनंतर एएनएम दोन वर्षं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन, बीएस्सी नर्सिंग चार, समाजकार्य आवडत असेल तर पदवीनंतर एमएसडब्ल्यू. आरोग्य खात्याच्या आणि एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) जाहिराती येतात, एनएचएमच्या कॉन्ट्रॅक्टवर असतात हे धरून चला. सरकारी पदांना साधारण पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आणि कोकणीचं ज्ञान लागतं, मराठी असेल तर चांगलं असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं, तेव्हा कागदपत्रं आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर मामलेदार ऑफिसात धावून तारीख चुकते. संस्थेत काम घेताना मानधन किती, प्रवास खर्च मिळतो का, वर देखरेख कोणाची, हे पहिल्याच दिवशी विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि लग्न, नोकरी, परीक्षा, काही कारणानं काम सोडावं लागलं तर दोन महिने आधी सेंटरला सांगा, तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला घेऊन सगळ्या घरी एकदा फिरा, वही सेंटरच्या सिस्टरांकडे द्या, आणि ज्यांचं औषध अर्ध्यावर आहे त्या घरी त्या माणसाला शेवटी वेगळं घेऊन जा.