कार्टचा टो जुळवताना ड्रायव्हर सीटवरच हवा

टो म्हणजे पुढची दोन चाकं वरून पाहताना आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. रेसिंग कार्टला, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीला, सस्पेन्शन नसतं. ड्रायव्हर बसला की चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाकते आणि पुढच्या चाकांची दिशा बदलते, म्हणून रिकाम्या कार्टवर घेतलेलं माप माझ्या लेखी मापच नाही. टायरमध्ये हवा भरा, ड्रायव्हरला हेल्मेटसकट बसवा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवा. मग पुढच्या दोन्ही चाकांमधलं अंतर एक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा. पुढचं अंतर १ ते २ मिलिमीटर जास्त भरलं, तर कोरड्या ट्रॅकवर सुरुवातीला तेवढं पुरे. फरक करायचा तर दोन्ही टाय रॉड (स्टीअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) सारखेच फिरवा, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं राहतं. लॉकनट (रॉड जागेवर पक्का धरणारा नट) आवळल्यावर माप पुन्हा घ्याच. आवळताना पान्याबरोबर रॉडही किंचित फिरतो.